नवा सर्व्हर, मंद शोध : एका स्थलांतराचा वृत्तान्त

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेत संगणक व माहिती विभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा पाठ)



वार्षिक सभेत शस्त्रक्रियागृहाविषयी, नव्या यंत्रसामग्रीविषयी, आरोग्य शिबिरांविषयी बोलले जाते आणि ते उचितच आहे. संगणक विभागाने या व्यासपीठावरून बोलण्याची प्रथा नाही. यंदा विश्वस्त मंडळाने आम्हांस तशी आज्ञा केली, यामागे एक कारण आहे. आपल्या देणग्यांतून घेतलेला नवा सर्व्हर कार्यान्वित झाल्यानंतर काही दिवस नोंदणीच्या आणि बिलाच्या खिडकीसमोरील रांगा कमी होण्याऐवजी वाढल्या. “नवीन मशीन घेतले, तरी पूर्वीपेक्षा उशीर का?” असा प्रश्न अनेक नातेवाइकांनी खिडकीवरच विचारला, काही देणगीदारांनी पत्राने विचारला. प्रश्न रास्त होता. ज्यांनी पैसा दिला त्यांना आणि ज्यांनी रांगेत वेळ दिला त्यांना त्याचे पूर्ण उत्तर मिळाले पाहिजे, या भावनेने आम्ही आज आपणांसमोर उभे आहोत.

प्रथम, हे स्थलांतर मुळात करावेच का लागले ते सांगतो. आपल्या रुग्णालयातील नोंदणी, केसपेपर, तपासण्यांचे निष्कर्ष, औषधांच्या नोंदी, खाटांची स्थिती आणि बिले ही सर्व माहिती ‘पोस्टग्रेस’ नावाच्या डेटाबेसमध्ये साठवलेली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ साली या प्रकल्पाचा आरंभ झाला आणि आज जगभरातील तंत्रज्ञ मिळून तो सांभाळतात. त्याच्या वापरासाठी परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही. धर्मादाय संस्थेच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. तथापि, शुल्क नाही याचा अर्थ देखभाल नाही असा होत नाही. या डेटाबेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या पुरवल्या जातात, नंतर त्या थांबतात. आपण वापरीत असलेली अकरावी आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबल्या. त्यानंतर एखादे सुरक्षेचे छिद्र उघडकीस आले, तर ते बुजवणारे कोणी नव्हते. रुग्णांची खाजगी माहिती अशा उघड्या दारामागे ठेवणे योग्य नव्हते. म्हणून नवा सर्व्हर, नवी लिनक्स कार्यप्रणाली आणि डेटाबेसची सोळावी आवृत्ती, असे तिहेरी नूतनीकरण ठरले.

स्थलांतराचे प्रत्यक्ष काम बाहेरील एका संस्थेकडे सोपवले होते. सर्व नोंदी सुखरूप नव्या यंत्रावर पोहोचवणे हे करारनाम्यातील काम होते आणि ते चोख झाले. एकही केसपेपर, एकही पावती हरवली नाही, हे आम्ही जुन्या व नव्या नोंदींची संख्या ताडून पाहिले आहे. परंतु नोंदी पोहोचणे आणि त्या वेळेवर हाती लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच सकाळी बाह्यरुग्ण विभाग सुरू होताच याचा प्रत्यय आला.

अशा प्रसंगी पहिला मोह असतो तो सरसकट निदान करण्याचा. “सर्व्हरच मंद आहे”, “स्मृती वाढवा”, “जुनी आवृत्ती परत आणा” अशा सूचना सर्व बाजूंनी आल्या. आमचे डॉक्टर सहकारी रुग्णाला तपासल्यावाचून औषध लिहीत नाहीत. तोच नियम आम्ही पाळला. नेमके काय मंद झाले आहे, हा पहिला प्रश्न. उत्तर उद्बोधक होते. नव्या रुग्णाची नोंदणी पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक वेगाने होत होती. आजच्या दाखल रुग्णांची यादी क्षणात येत होती. मंद झाले होते ते जुन्या रुग्णाच्या मागील वर्षांच्या तपासण्या शोधणे, डिस्चार्जचे एकत्रित बिल आणि निर्धन रुग्णांसाठीच्या खाटांचा व निधीचा दैनंदिन अहवाल. यंत्रच मंद असते, तर सर्वच कामे मंद झाली असती. काही जलद आणि काही मंद, याचा अर्थ दोष यंत्राच्या शक्तीत नसून काम करण्याच्या रीतीत आहे, हे त्याच दिवशी स्पष्ट झाले.

या तीनही गोष्टींचे महत्त्व आपण जाणताच. पूर्वी एखाद्या औषधाचे वावडे नोंदले गेले असेल, तर ती जुनी नोंद डॉक्टरांसमोर वेळेवर येणे आवश्यक असते. डिस्चार्जचे बिल अडले, की बरा झालेला रुग्ण खाटेवर अडकतो आणि खालच्या मजल्यावर दुसरा रुग्ण खाटेची वाट पाहत बसतो. आणि निर्धन रुग्णांचा अहवाल तर आपल्या संस्थेच्या धर्मादाय स्वरूपाशीच निगडित आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या व २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. दारात आलेल्या गरीब रुग्णाला “खाट आहे” असे सांगण्यासाठी आमच्या समाजसेवा विभागाला हाच अहवाल पाहावा लागतो. तो उशिरा येणे म्हणजे एका माउलीने बाकावर अधिक वेळ ताटकळणे होय. त्यामुळे पहिल्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांशी बोलून एक नियम जाहीर केला : उपचार पडद्यासाठी थांबणार नाहीत. अपघात विभाग आणि अतिदक्षता विभागात कागदी केसपेपर सुरू झाले, आणि समाजसेवा विभागाने वॉर्डांत फिरून खाटांची मोजदाद हाताने ठेवली.

आता मंदपणाचे कारण. ते समजण्यासाठी आपली जुनी रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणावी. समजा, तेथील लिपिकाला सांगितले की, गेल्या वर्षी मधुमेहाच्या तपासणीसाठी आलेल्या रुग्णांचे कागद काढा. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. सूचीच्या वहीत एकेक नाव पाहून त्या त्या कपाटापर्यंत जायचे आणि एकेक कागद काढायचा. किंवा पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत सरळ सर्व गठ्ठे चाळीत जायचे. कागद पाच-पंचवीस असतील तर पहिला मार्ग सोयीचा. कागद पन्नास हजार असतील तर पहिल्या मार्गाने त्याची पायपीट संपणारच नाही; दुसराच मार्ग बरा. अनुभवी लिपिक अंदाज बांधतो आणि मार्ग निवडतो. हा अंदाज त्याला येतो कुठून? वर्षानुवर्षे त्या खोलीत वावरल्यामुळे, कोणत्या कपाटात किती आणि काय आहे हे त्याला ठाऊक असते म्हणून.

डेटाबेसमध्येही असाच एक निवड करणारा असतो. त्याला ‘प्लॅनर’ म्हणतात. प्रत्येक मार्गाचा संभाव्य खर्च काढून स्वस्त मार्ग निवडण्याची ही पद्धती आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील संशोधनशाळेत ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली व १९७९ साली प्रसिद्ध केली. आज बहुतेक डेटाबेस याच विचारावर चालतात. हा खर्च काढण्यासाठी प्लॅनरला तक्त्यांची मोजणी लागते : ओळी किती, निरनिराळी मूल्ये किती, कोणते मूल्य वारंवार येते, तारखा कोठून कोठपर्यंत पसरल्या आहेत. ‘ॲनालाइझ’ ही आज्ञा दिली असता डेटाबेस ही मोजणी करतो. त्यासाठी तो सर्व नोंदी वाचीत नाही; नेहमीच्या मांडणीत प्रत्येक तक्त्यातून तीस हजार ओळींचा नमुना घेऊन अनुमान काढतो. शिजलेल्या भाताची शिते पाहावीत, तसे हे आहे.

पोस्टग्रेसच्या सतराव्या आवृत्तीपर्यंत, मुख्य आवृत्ती बदलण्याचे जे अधिकृत साधन आहे ते सर्व नोंदी आणि सर्व सूची नव्या घरात नेत असे, परंतु ही मोजणी मात्र नेत नसे. कपाटे सर्व आली, कागद सर्व आले. पण खोलीची ओळख असलेला जुना लिपिक मागे राहिला आणि नवा, हुशार पण अनोळखी लिपिक खुर्चीवर बसला. साधनाच्या माहितीपुस्तकात स्थलांतरानंतर मोजणी करावी असे म्हटलेले आहे. करारनाम्यातील कामांच्या यादीत मात्र त्या पायरीचा समावेश नव्हता.

आपण विचाराल, मोजणी नसली तर प्लॅनर काय करतो? तो थांबत नाही, ठोकताळे वापरतो. पोस्टग्रेसमध्ये हे ठोकताळे ठरलेले आहेत. एखाद्या स्तंभातील मूल्यांविषयी काहीच माहिती नसेल, तर तेथे दोनशे निरनिराळी मूल्ये आहेत असे तो धरतो. ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी अट असेल, तर दर हजारांत पाच ओळी त्या अटीत बसतील असे धरतो. मग ती मुदत एका दिवसाची असो वा पाच वर्षांची. आता हिशेब पाहा. समजा, एका तक्त्यात चाळीस लाख ओळी आहेत. तारखेची अट लावली की अंदाज वीस हजारांवर येतो. त्याच जोडीला तपासणीच्या प्रकाराची अट लावली की दोनशेतील एक, म्हणजे अंदाज शंभर ओळींवर येतो. शंभर ओळींसाठी एकेका कपाटापाशी जाणे हा शहाणपणाचाच मार्ग. पण प्रत्यक्षात मुदत दोन वर्षांची आणि तपासणी सर्रास होणारी असेल, तर अशा ओळी तीन लाखही निघू शकतात. मग शंभर खेपांसाठी आखलेला मार्ग तीन लाख खेपांना वापरला जातो. सर्व्हर वेगाने पळतच असतो, पण चुकीच्या रस्त्याने.

आणखी एक बाब. डेटाबेसमध्ये पार्श्वभूमीवर आपोआप मोजणी करणारा एक सेवक असतोच. तरीही अडचण का आली? कारण तो सेवक एखाद्या तक्त्यात पुरेसे बदल झाले, तरच त्याच्याकडे वळतो. आजच्या नोंदणीच्या तक्त्यात सकाळपासून शेकडो बदल होतात. म्हणून त्याची मोजणी पहिल्याच तासात झाली आणि नोंदणी जलद राहिली. मागील वर्षांच्या तपासण्यांचे तक्ते बंद वहीप्रमाणे असतात. त्यांत काही बदलत नाही आणि म्हणून त्यांच्याकडे कोणी वळत नाही. आजचे काम जलद आणि जुने काम मंद, या कोड्याचा उलगडा असा झाला. डेटाबेसच्या ज्या अंतर्गत यादीत शेवटची मोजणी केव्हा झाली ते दिसते, तेथे जुन्या वर्षांच्या तक्त्यांपुढील रकाना रिकामा होता.

तिसऱ्या दिवशी एक मोठा निर्णय घ्यावा लागला. जुना सर्व्हर शाबूत होता. त्यावर परत जावे, असा आग्रह होता आणि त्यामागील तळमळ आम्ही समजू शकत होतो. पण परत जाणे म्हणजे मधल्या दिवसांतील सर्व नोंदी, म्हणजे दिलेली औषधे, रक्ताचे निष्कर्ष आणि भरलेल्या रकमा, हाताने पुन्हा भरणे. औषधाच्या मात्रेतील एक शून्य इकडचे तिकडे झाले तर काय होईल, हे या सभेत सांगावयास नको. मंद पण अचूक नोंद आणि जलद पण शंकास्पद नोंद यांत आम्ही पहिली निवडली. कारण सापडल्याची आमची खात्री होती, आणि त्याच रात्री पूर्ण मोजणी करण्याचे ठरले.

येथे एक तपशील सांगणे उपयुक्त ठरेल. ही मोजणी टप्प्याटप्प्याने करण्याची सोय आहे. पहिल्या फेरीत अगदी ढोबळ, दुसऱ्या फेरीत जरा बारीक आणि तिसऱ्या फेरीत नेहमीच्या बारकाईने. ढोबळ फेरी लौकर आटोपते आणि खिडकी बंद न ठेवता काम सावरता येते. आम्ही हा मार्ग घेतला. दुसऱ्या सकाळी जुन्या तपासण्यांचा शोध पूर्ववत झाला आणि रांग ओसरली.

परंतु दोन तक्रारी शिल्लक होत्या, आणि त्यांची कारणे निराळी होती. या टप्प्यावर आम्ही शिस्तीने दोन साधने वापरली. एक साधन सर्व पृच्छांचा जमाखर्च ठेवते : कोणती पृच्छा किती वेळा आली आणि तिने एकंदर किती वेळ घेतला. महिन्यातून एकदा दहा मिनिटे घेणाऱ्या अहवालापेक्षा दिवसातून हजारो वेळा दोन-दोन सेकंद अधिक घेणारी पृच्छा रुग्णांचा अधिक वेळ खाते, हे त्या जमाखर्चावरून दिसते. दुसरे साधन म्हणजे ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा. ती प्लॅनरने निवडलेला मार्ग दाखवते, आणि प्रत्यक्ष चालवून पाहिल्यास प्रत्येक पायरीवर अंदाज किती ओळींचा होता व प्रत्यक्षात किती निघाल्या, हेही दाखवते. अंदाज आणि वस्तुस्थिती यांत जेथे प्रथम मोठी तफावत पडते, तेथेच दुखण्याचे मूळ असते. शेवटच्या पायरीवर वेळ जातो म्हणून तिलाच दोष देणे, हे ताप आला म्हणून थर्मामीटरवर रागावण्यासारखे आहे.

डिस्चार्जच्या बिलाचे कारण असे निघाले. पोस्टग्रेसमध्ये मोठ्या पृच्छेसाठी त्या क्षणी खास यंत्रभाषेतील आज्ञावली बनवून घेण्याची सोय आहे. तिला ‘जिट’ म्हणतात. अकराव्या आवृत्तीत ती बंद स्थितीत येत असे. ऑक्टोबर २०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती आपोआप सुरू असते, आणि अंदाजित खर्च एक लाख एककांच्या वर गेला की कामाला लागते. लक्षावधी ओळींच्या मासिक अहवालाला तिचा लाभ होतो. पण एका रुग्णाचे बिल अनेक तक्त्यांतून गोळा होते. त्याचा अंदाजित खर्च कागदावर मोठा दिसतो, प्रत्यक्ष काम मात्र थोडे असते. तेथे आज्ञावली बनवण्यातच मूळ कामापेक्षा अधिक वेळ जात होता. चार पोळ्यांसाठी प्रत्येक वेळी नवी भट्टी बांधावी, तसा हा प्रकार. खिडकीवरील कामासाठी आम्ही ही सोय बंद केली आणि मासिक अहवालांसाठी चालू ठेवली. एका ओळीचा बदल. बिल पूर्वीपेक्षा लौकर निघू लागले.

निर्धन रुग्णांच्या अहवालाची कथा आणखी वेगळी. तो अहवाल दोन भागांत लिहिलेला होता : आधी योजनेखालील दाखल रुग्ण बाजूला काढायचे, मग त्यांच्या खाटा व रकमा जुळवायच्या. अकराव्या आवृत्तीपर्यंत डेटाबेस हा क्रम जसाच्या तसा पाळीत असे. बाराव्या आवृत्तीपासून, पहिल्या भागाचा उपयोग एकदाच होत असेल तर तो दुसऱ्या भागात मिसळून एकत्र विचार केला जातो. बहुतेक पृच्छांना याने गतीच मिळते. आमच्या अहवालात मात्र मिसळल्यावर प्लॅनरचा अंदाज बिघडत होता. कारण त्यातील अटी परस्परांशी बांधलेल्या होत्या. समजा, एकूण रुग्णांपैकी दहावा हिस्सा एका वॉर्डात आहे आणि दहावा हिस्सा योजनेखाली आहे. प्लॅनर दोन्हींचा गुणाकार करून शंभरावा हिस्सा धरतो. पण योजनेखालील सर्व रुग्ण त्याच वॉर्डात असतील, तर खरा आकडा दहावा हिस्साच राहतो. एका अटीत दुसरी अट अंतर्भूत आहे, हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. ते सांगण्याची सोय डेटाबेसमध्ये आहे. आम्ही अशा स्तंभांच्या जोडीची एकत्रित मोजणी करून घेतली, आणि अहवालाच्या पहिल्या भागाला ‘मटीरिअलाइझ्ड’ हा शब्द जोडून जुना क्रम कायम केला. त्या दिवसापासून समाजसेवा विभागाला खाटांची स्थिती विचारताक्षणी मिळते.

गतीपेक्षाही अधिक गंभीर अशा एका बाबीचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तिची चर्चा क्वचितच होते. लिनक्स कार्यप्रणालीत अक्षरांचा अनुक्रम ठरवणारा जो भाग असतो, त्याचे नियम ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीत मोठ्या प्रमाणावर बदलले. उदाहरण अगदी साधे आहे. ‘११’ आणि मध्ये आडवी रेघ असलेला ‘१-१’ हे दोन क्रमांक पाश्चात्त्य आकड्यांत लिहून क्रमाने लावले, तर इंग्रजीच्या रूढ मांडणीत जुन्या नियमाने ‘११’ आधी येत असे. नव्या नियमाने ‘१-१’ आधी येतो. आपल्या केसपेपरच्या क्रमांकांत अशा रेघा असतात. जुन्या नियमाने लावलेली सूची जशीच्या तशी नव्या कार्यप्रणालीवर नेली, तर शोधणारा नव्या नियमाने शोधतो आणि कपाटात असलेला कागद “नाही” असे उत्तर येऊ शकते. मंद उत्तर निदान कळते तरी. असे खोटे उत्तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून खिडकी उघडण्यापूर्वीच अक्षरांवर आधारलेल्या सर्व सूची नव्याने बांधून घेतल्या होत्या आणि तपासणीच्या साधनाने त्यांची पडताळणीही केली होती. त्या रात्रीचे ते काम कोणाला दिसले नाही. पण “तुमचा जुना केसपेपर सापडत नाही” असे एकाही रुग्णाला ऐकावे लागले नाही, हे त्याचे फळ.

या सर्व दिवसांत आम्ही एक पथ्य पाळले. एका वेळी एकच बदल करायचा, त्याच्या आधीची व नंतरची वेळ वहीत लिहायची, आणि गुण आला नाही तर तो बदल मागे घ्यायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गती आली, तर कशाने आली ते समजत नाही. दुखणे उलटले, तर मग औषध ठाऊक नसते.

या अनुभवाचे रूपांतर आता कार्यपद्धतीत झाले आहे. ती विश्वस्त मंडळासमोर ठेवली असून मंडळाने तिला संमती दिली आहे. एक, यापुढील प्रत्येक स्थलांतराच्या करारनाम्यात पूर्ण मोजणी, सूचींची पडताळणी आणि महत्त्वाच्या पृच्छांची वेळ मोजणे ही कामे स्पष्ट लिहिली जातील. ती झाल्याशिवाय काम पूर्ण मानले जाणार नाही. दोन, खिडकीवर, वॉर्डात आणि समाजसेवा विभागात रोज लागणाऱ्या निवडक पृच्छांची यादी केली आहे. स्थलांतरापूर्वी त्यांचे मार्ग आणि वेळा जतन केल्या जातील, म्हणजे नंतर तुलना अंदाजाने नव्हे तर पुराव्याने होईल. तीन, पूर्ण आकाराच्या प्रतीवर रंगीत तालीम होईल. लहानशा नमुन्यावर घेतलेल्या तालमीत प्लॅनर निराळे मार्ग निवडतो, त्यामुळे ती पुरेशी नसते. त्या प्रतीतही रुग्णांची खरी माहिती असल्याने तिला मूळ सर्व्हरइतकाच बंदोबस्त राहील. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याचा आणि त्याहून अधिक आपल्या विश्वासाचा तो तगादा आहे. चार, कागदी केसपेपरांचे गठ्ठे प्रत्येक विभागात तयार राहतील.

आणखी एक समाधानाची वार्ता सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टग्रेसची अठरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील स्थलांतराचे साधन ही मोजणीही बरोबर घेऊन जाते. स्तंभांच्या जोडीची जी विशेष मोजणी आम्ही करवून घेतली, ती मात्र त्यातही येत नाही. ती नव्याने करावी लागेल. म्हणून साधन सुधारले तरी यादीतील ती पायरी आम्ही खोडलेली नाही.

आमच्या देणगीदारांपाशी शेवटी एकच निवेदन आहे. खाटेवर दात्याचे नाव लिहिता येते, शस्त्रक्रियागृहाच्या दारावर पाटी लावता येते. डेटाबेसच्या देखभालीवर पाटी लावण्यास जागा नाही. दर पाच वर्षांच्या आत असे स्थलांतर पुन्हा करावेच लागणार आहे, आणि तालमीसाठी दुसरा सर्व्हर, त्याची वीज, त्याचा बंदोबस्त यांचा खर्चही दरवर्षी येणार आहे. यंत्र विकत घेण्यासाठी जसा निधी उभा राहतो, तसा त्याच्या देखभालीसाठी एक कायम स्वरूपाचा छोटा निधी असावा, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्या गरीब रुग्णाला खाट आहे की नाही हे क्षणात कळते, त्याच्या त्या क्षणामागे हा निधी उभा असेल.

रांगेत उभे राहूनही संयम न सोडणाऱ्या नातेवाइकांचे, दिवसपाळी संपवून रात्री कागदी नोंदी संगणकात भरणाऱ्या परिचारिका भगिनींचे, वॉर्डावॉर्डांत फिरून खाटा मोजणाऱ्या समाजसेवा विभागाचे आणि घाईचा निर्णय न लादता आम्हांस कारण शोधू देणाऱ्या विश्वस्त मंडळाचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत.